इंग्लिश फुटबॉलच्या तळमजल्यावरचा स्ट्रायकर

इंडियन सुपर लीगचा २०२०-२१ चा हंगाम आठवतो? करोनामुळे सगळे सामने गोव्यात झाले होते. फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान, तीन मैदानं आणि रिकाम्या खुर्च्या. मुंबई सिटीने त्या वर्षी लीग शील्ड, म्हणजे साखळीत पहिलं येण्याचं बक्षीस, घेतली आणि १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्यात एटीके मोहन बागानला २-१ असं हरवून करंडकही घेतला. त्या मुंबईसाठी ११ गोल केले होते चौतीस वर्षांच्या एका इंग्रजाने. नाव अ‍ॅडम ल फाँड्रे. सिडनीच्या क्लबकडून उसना आलेला.

'प्रीमियर लीगमध्ये खेळलेला माणूस' ही त्याची ओळख खोटी नाही. पण तिथे तो खेळला एकच हंगाम. त्याआधीची सात वर्षं गेली स्टॉकपोर्ट, रॉचडेल, रॉदरहॅम अशा गावांत. शनिवारी रात्री आपण टीव्हीवर जे इंग्लिश फुटबॉल बघतो, त्यात ही नावं जवळजवळ येतच नाहीत. आणि तरीही इंग्लंडमध्ये फुटबॉलवर पोट भरणारे बहुतेक लोक असल्याच गावांत राबतात. त्यातल्या स्ट्रायकरचं, म्हणजे गोल करायला पुढे ठेवलेल्या खेळाडूचं, आयुष्य कसं चालतं, ते समजून घेण्यासारखं आहे, कारण बाहेरून दिसतं त्यापेक्षा ते बरंच विचित्र आहे.

आधी इमारत समजून घेऊ. सगळ्यात वर प्रीमियर लीग, २० संघ. त्याखाली चॅम्पियनशिप, मग लीग वन, मग लीग टू, प्रत्येकी २४ संघ. एकूण ९२. नावांनी फसू नका: लीग वन हा पहिला नव्हे, तिसरा स्तर आहे आणि लीग टू चौथा. २००४ मध्ये ही नावं ठेवली गेली, आणि तेव्हापासून नवख्या माणसाचा गोंधळ ठरलेला. या चार मजल्यांच्या खाली नॅशनल लीग आणि त्याखाली आणखी कितीतरी स्तर. तिथे खाली जावं तसे दिवसा नोकरी करून संध्याकाळी सराव करणारे खेळाडू भेटू लागतात. दर वर्षी वरचे काही संघ एक मजला चढतात, खालचे काही उतरतात. लीग टूमधून चार वर जातात: पहिले तीन थेट, आणि चौथ्या ते सातव्या क्रमांकाच्या संघांत प्ले-ऑफ होऊन त्यातला एक.

चॅम्पियनशिप ते लीग टू, प्रत्येक संघाचे लीगचेच सामने ४६. शिवाय एफए कप, लीग कप आणि खालच्या दोन स्तरांसाठीचा ईएफएल करंडक. शनिवार झाला की मंगळवार, मंगळवार झाला की शनिवार. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाचा प्लिमथ आणि उत्तर टोकाचा कार्लाइल एकाच लीगमध्ये असले की एका बाजूचा रस्ता सहाशे किलोमीटरच्या वर जातो, म्हणजे आपला मुंबई-गोवा. बसने जायचं, नव्वद मिनिटं दोन धिप्पाड बचावपटूंच्या कोपरांत उभं राहायचं आणि पहाटे घरी यायचं.

आता रॉचडेल. मँचेस्टरच्या उत्तरेचं हे गिरणगाव महाराष्ट्रातल्या काही वाचकांना भलत्याच कारणाने माहीत असेल. सहकाराचा डिप्लोमा केलेल्या कोणालाही विचारा. पहिल्याच धड्यात १८४४ सालचे रॉशडेलचे प्रवर्तक आणि त्यांचं वाणसामानाचं दुकान असतं. गाव तेच. फुटबॉलमध्ये मात्र या गावाची कीर्ती उलटी. १९७४ पासून २०१० पर्यंत सलग छत्तीस वर्षं रॉचडेलचा संघ चौथ्या स्तरावर बसून होता. वर जात नव्हता, खालीही पडत नव्हता. लोक थट्टेने त्या स्तरालाच 'रॉचडेल डिव्हिजन' म्हणायचे.

या क्लबात २००५ च्या फेब्रुवारीत दोन स्ट्रायकर एकत्र आले. ग्रँट होल्ट आधीपासून होता, रिकी लॅम्बर्ट स्टॉकपोर्टहून आला. जेमतेम वर्षभर ते एकत्र खेळले. पुढे होल्टने २०११-१२ मध्ये प्रीमियर लीगमध्ये १५ गोल केले आणि लॅम्बर्टने २०१२-१३ मध्ये बरोबर तेवढेच. आपला ल फाँड्रे या दोघांनंतर २००७ मध्ये रॉचडेलला आला. त्याने २०१२-१३ मध्ये रेडिंगसाठी प्रीमियर लीगमध्ये १२ गोल केले. ज्या क्लबाला छत्तीस वर्षांत जिना सापडला नाही, त्याच्या अंगणात वरच्या मजल्यावर गोल करू शकणारे तीन जण दोन-तीन वर्षांच्या अंतराने खेळून गेले.

मग त्यांना वर पोहोचायला पाच-सहा-सात वर्षं का लागली? गोल तर दिसतात ना. बचावपटू चांगला की वाईट हे कळायला दहा सामने बसून बघावे लागतात, स्ट्रायकरचा हिशोब सोमवारच्या वर्तमानपत्रात छापून येतो. खरी गोम इथेच आहे. गोल सगळ्यांना मोजता येतात, पण त्यांची किंमत ठरवताना बाजार गोल मोजत नाही. तो वय मोजतो.

लॅम्बर्टचाच हिशोब मांडतो. जन्म १९८२, लिव्हरपूलला लागून असलेल्या कर्कबीचा. दहाव्या वर्षी लिव्हरपूलच्या पोरांच्या संघात आला, पंधराव्या वर्षी क्लबाने सोडून दिलं. मग ब्लॅकपूल; तिथूनही २००० मध्ये नारळ. क्लब नाही, पगार नाही, म्हणून हा गडी बिटाच्या कारखान्यात बरण्यांना झाकणं बसवायच्या कामाला लागला, दिवसाला २० पौंड. तिथून मॅकल्सफील्ड, आणि एप्रिल २००२ मध्ये वीस वर्षांच्या लॅम्बर्टला स्टॉकपोर्टने तीन लाख पौंड देऊन घेतलं. तोवर त्याचे गोल हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते आणि तो पुष्कळदा मधल्या फळीत खेळायचा. तरीही तीन लाख. कारण वीस वर्षांचा पोरगा म्हणजे न फोडलेलं नारळ. आत पाणी किती ते कोणालाच माहीत नसतं, म्हणून भाव जास्त.

चार वर्षांनंतर, रॉचडेलसाठी एका हंगामात २२ लीग गोल केल्यावर, ब्रिस्टल रोव्हर्सने त्याला नेलं. दोन लाख पौंडांना. माणूस सिद्ध झाला आणि भाव एक लाखाने उतरला! चोवीस वर्षांचा झाला होता. 'एवढा चांगला असता तर अजून चौथ्या स्तरावर कशाला असता' हा प्रश्न त्याच्या नावाला चिकटला होता. वर्तुळाकार तर्क आहे हा, पण अख्खा बाजार त्यावर चालतो. शिवाय मधल्या काळात बाजारच बसला होता. खालच्या तिन्ही स्तरांच्या क्लबांनी आयटीव्ही डिजिटल या टीव्ही कंपनीच्या पैशांवर खर्च वाढवून ठेवले होते, आणि २००२ च्या वसंतात ती कंपनीच बुडाली. करार होता ३१.५ कोटी पौंडांचा. त्यातले जवळपास १८ कोटी क्लबांना मिळालेच नाहीत. त्या उन्हाळ्यात शेकडो खेळाडू करार संपून रिकामे झाले. लॅम्बर्टचे तीन लाख हे त्या जुन्या बाजारातल्या शेवटच्या शेवटच्या सौद्यांपैकी म्हणायला हवेत.

होल्टची गोष्ट दुसरी अडचण दाखवते. रॉचडेलमधून त्याला जानेवारी २००६ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टने उचललं. दोनदा युरोपचा कप जिंकलेला क्लब, त्या वेळी तिसऱ्या स्तरावर घसरलेला. वाटावं की गडी मार्गी लागला. पण तिथे पुढे त्याला गोलसमोरून काढून मैदानाच्या कडेला खेळवू लागले, आणि कडेला उभ्या असलेल्या माणसाच्या नावापुढे गोल लागत नाहीत. २००८ मध्ये फॉरेस्ट वरच्या स्तरावर चढलं आणि होल्ट चौथ्या स्तरावरच्या श्रूजबरीला उतरला. तिथे पुन्हा गोलसमोर उभा राहिला, हंगामात २० लीग गोल केले, आणि २००९ मध्ये नॉरिचने त्याला घेतलं. माणूस तोच, पाय तेच. बदललं होतं ते फक्त त्याला कुठे उभं करायचं हे ठरवणारं डोकं.

खालच्या स्तरावरच्या स्ट्रायकरचं नशीब या डोक्यावर, म्हणजे मॅनेजरवर, किती टांगलेलं असतं हे आपल्याकडे नीट कळत नाही. तिथे मॅनेजर वारंवार हाकलले जातात. एकाला उंच, अंगाने भरलेला गडी हवा असतो, जो लांबून आलेला चेंडू छातीवर घेऊन साथीदार येईपर्यंत सांभाळेल. तो गेला की दुसरा येतो, त्याला बचावफळीच्या पाठी पळणारा चपळ पोरगा हवा असतो. पहिल्याने तुम्हाला दोन वर्षांच्या करारावर आणलेलं असतं. दुसऱ्याच्या लेखी तुम्ही अडगळ. मग तुम्हाला जानेवारीत कुठेतरी उसनं धाडतात. लॅम्बर्ट किंवा ल फाँड्रेच्या कारकिर्दीतली क्लबांची लांब यादी बघून 'हा एका जागी टिकत नाही' असं वाटतं, तेव्हा बहुतेक वेळा त्याचं सामान दुसऱ्याच कोणीतरी बांधलेलं असतं.

करार हा तर स्वतंत्र विषय. वरच्या क्लबात पाच-सहा वर्षांचे करार होतात. तळमजल्यावर एक वर्ष, फार तर दोन. तारीख सहसा ३० जून. हंगाम मेमध्ये संपतो आणि क्लब यादी लावतो: कोण राहणार, कोणाशी बोलणी चालू, कोण मोकळा. ज्याच्या घराचे हप्ते चालू आहेत आणि पोरं शाळेत आहेत, अशा तिशीच्या माणसासाठी ती यादी दहावीच्या निकालापेक्षा वाईट. मूळ पगाराला जोडून मैदानात उतरल्याचे पैसे, गोलाचे पैसे, संघ वर चढला तर त्याचे पैसे, अशा जोडण्या असतात. म्हणजे बाकावर बसवलेल्या स्ट्रायकरचं दुखणं निव्वळ मानाचं नसतं, ते पाकिटातही दिसतं. मार्चमध्ये गुडघा गेला आणि जूनमध्ये करार संपत असेल तर पुढे काय होतं ते सांगायला नको.

हे सगळं एका वाक्यात सांगितलं ते अदेबायो अकिनफेन्वाने. शंभर किलोंच्या आसपासचा हा महाकाय गडी कारकीर्द सुरू करायला थेट लिथुआनियात गेला होता. तिथे वंशद्वेषी शिव्या खाल्ल्या आणि कप फायनलही जिंकली. मग वेल्स, मग इंग्लंडच्या तळमजल्यावर एकामागून एक क्लब. ३० मे २०१६ ला वेम्ब्लीवर, म्हणजे लंडनच्या राष्ट्रीय मैदानावर, लीग टूच्या प्ले-ऑफची फायनल, एएफसी विम्बल्डन विरुद्ध प्लिमथ. विम्बल्डन सातव्या क्रमांकावरून कसाबसा तिथवर आलेला. शेवटी नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाईच्या वेळेत पेनल्टी मिळाली, अकिनफेन्वाने चेंडू हातात घेतला, मारला, २-० झालं आणि संघ वर चढला. लगेच मुलाखतीत कॅमेऱ्यासमोर तो म्हणाला की, तांत्रिकदृष्ट्या मी आता बेकार आहे, तेव्हा मॅनेजरलोकहो, व्हॉट्सअ‍ॅप करा! लोक हसले. पण ते अक्षरशः खरं होतं. संघाला वर नेणारा गोल करून तो मैदानाबाहेर आला तेव्हा त्याच्याकडे पुढच्या हंगामाची नोकरी नव्हती. पुढे वायकमने त्याला घेतलं, आणि २०२० मध्ये, अडतिसाव्या वर्षी, तो त्याच वायकमबरोबर चॅम्पियनशिपमध्ये गेला. त्या क्लबाच्या इतिहासात तिथवर आधी कोणी पोहोचलं नव्हतं.

लॅम्बर्टकडे परत येतो, कारण त्याच्यात मला सगळ्यात जास्त रस आहे. ब्रिस्टल रोव्हर्समध्ये २००८-०९ ला त्याने तिसऱ्या स्तरावर २९ गोल केले. आता तो सत्तावीस वर्षांचा. त्याच उन्हाळ्यात साउदॅम्प्टन दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरून वाचलं होतं. क्लब तिसऱ्या स्तरावर पडलेला, वर शिक्षा म्हणून उणे दहा गुणांनी सुरुवात. पण नवा मालक मार्कुस लीबहेर पैसेवाला होता. त्यांनी सुमारे दहा लाख पौंड मोजून लॅम्बर्टला आणलं. मॅनेजर अ‍ॅलन पार्ड्यूने त्याला तोंडावर सांगितलं की तुझं वजन जास्त आहे, ते उतरव. आपल्याला वाटतं की व्यावसायिक खेळाडूला हे सांगावं लागतं का? लागतं. तळमजल्यावरच्या क्लबात आहारतज्ज्ञ, वजन-चरबीच्या नोंदी, दोन वेळचं नेमकं जेवण असली चैन त्या काळी कुठली? बसच्या परतीच्या प्रवासात मिळेल ते खायचं. सत्तावीस वर्षांच्या माणसात पाच वर्षांचं फुटबॉल शिल्लक आहे आणि ते नुसत्या कंबरेच्या घेराखाली दबलंय, हे बघायला कोणाकडे वेळ नव्हता.

पुढचं धडाधड घडलं. पहिल्या हंगामात लीगमध्ये ३० गोल. त्या वर्षी त्याच लीगमध्ये त्याचा जुना जोडीदार होल्टही नॉरिचसाठी २४ गोल करत होता. त्याच वर्षी वेम्ब्लीवर ७३ हजारांहून जास्त लोकांसमोर खालच्या दोन स्तरांच्या करंडकाच्या फायनलमध्ये कार्लाइलविरुद्ध ४-१ आणि त्यातली एक पेनल्टी लॅम्बर्टची. पेनल्टीवरून आठवलं: साउदॅम्प्टनसाठी त्याने ३४ पेनल्ट्या मारल्या आणि ३४ जाळ्यात. स्ट्रायकरच्या आकड्यांकडे बघताना पेनल्टी कोण मारतो हे नेहमी विचारावं. वर्षाला सात-आठ गोलांचा फरक तिथेच पडतो, आणि खालच्या स्तरावर तेवढ्या फरकावर करार ठरतात. २०११ मध्ये संघ एक मजला चढला, २०१२ मध्ये आणखी एक. त्या मधल्या वर्षी चॅम्पियनशिपमध्ये २७ गोल, सगळ्यांत जास्त. १९ ऑगस्ट २०१२ ला मँचेस्टर सिटीसमोर प्रीमियर लीगमधला पहिला सामना. बाकावरून उतरला आणि गोल केला. वय तीस.

इथे तळमजल्यावरच्या स्ट्रायकरचा एक न मोजला जाणारा फायदा दिसतो. लॅम्बर्ट कधीच वेगवान नव्हता. वेगावर जगणारा स्ट्रायकर तिशीत आला की संपतो. लॅम्बर्टकडे मुळात संपण्यासारखा वेगच नव्हता. दहा वर्षं चिखलात, अंगावर येणाऱ्या बचावपटूंना पाठीने रेटत तो जे शिकला होता, म्हणजे चेंडू कुठे पडेल, अंग कधी मध्ये घालायचं, पहिल्या स्पर्शात कोणाकडे द्यायचा, ते वय वाढलं म्हणून कमी होत नाही. अर्थात हे सगळ्यांना लागू नाही. तळमजल्यावर शिकून तिथेच राहिलेले शेकड्याने आहेत.

ऑगस्ट २०१३ मध्ये त्याला मुलगी झाली त्याच दिवशी इंग्लंडच्या संघात निवड झाल्याचं कळलं. १४ ऑगस्टला वेम्ब्लीवर स्कॉटलंडविरुद्ध २-२ असताना वेन रूनीच्या जागी तो उतरला. कॉर्नर आला. त्याचा चेंडूला झालेला पहिलाच स्पर्श डोक्याने, आणि चेंडू जाळ्यात. इंग्लंड ३-२. एकतिसाव्या वर्षी देशासाठी पहिला सामना, पहिला स्पर्श, पहिला गोल, आणि तोच विजयी. पुढच्या उन्हाळ्यात तो ब्राझीलच्या विश्वचषकातही गेला आणि लिव्हरपूलने त्याला चाळीस लाख पौंडांना परत विकत घेतलं. पंधराव्या वर्षी ज्यांनी फुकट सोडला होता, त्यांनीच. तिथे मात्र तो बहुतेक बाकावरच बसला. सगळ्या स्पर्धा मिळून तीन गोल. मग वेस्ट ब्रॉम, मग कार्डिफ, आणि २०१७ मध्ये निवृत्ती.

उतरणीचा जिना चढणीपेक्षा सरळ असतो. ल फाँड्रेने जानेवारी २०१३ मध्ये बाकावरून येऊन न्यूकॅसलविरुद्ध दोन आणि चेल्सीविरुद्ध ०-२ वरून बरोबरी साधणारे दोन गोल केले, दुसरा तर भरपाईच्या वेळेच्या पाचव्या मिनिटाला. त्या महिन्याचा प्रीमियर लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तरी रेडिंग त्या वर्षी खाली पडलं, आणि १२ गोल करूनही वरच्या मजल्यावरून त्याला कोणी हात दिला नाही. कार्डिफ, बोल्टन, वुल्व्ह्‌ज, विगन, पुन्हा बोल्टन, मग सिडनी, आणि मग आपला गोवा. होल्टने तर २०१८ मध्ये नॉरिचमध्ये कुस्तीच्या रिंगणात उडी घेतली. आपल्या लाल मातीतली नव्हे, ती दोरांवरून उड्या मारायची कुस्ती. आणि पदार्पणातच चाळीस जणांच्या झुंजीत शेवटचा उभा राहिला.

क्लबांचं काय झालं तेही सांगतो. लॅम्बर्टला कारखान्यातून बाहेर काढणारं मॅकल्सफील्ड २०२० मध्ये कर्जापायी कोर्टाने गुंडाळलं. नंतर त्याच मैदानावर नव्या नावाने नवा क्लब उभा राहिला. स्टॉकपोर्ट सहाव्या स्तरापर्यंत घसरून २०२२ मध्ये वरच्या ९२ संघांत परतलं. आणि छत्तीस वर्षं एका मजल्यावर ठाण मांडून बसलेलं रॉचडेल २०१० मध्ये एकदाचं वर चढलं, पुन्हा खाली आलं, परत चढलं, परत उतरलं, आणि २०२३ मध्ये लीग टूच्या तळाशी राहून, १९२१ पासूनची जागा सोडून, इमारतीबाहेर नॅशनल लीगमध्ये गेलं.